बागेतली तोफ वाचायची कशी?

सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत, हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थ केलेली एक लहानशी बाग आहे. मधोमध काळ्या दगडाचा स्तंभ, त्यावर नावांच्या संगमरवरी पाट्या आणि दोन्ही बाजूंच्या चौथऱ्यांवर दोन जुन्या तोफा, एवढाच तिचा पसारा आहे. संध्याकाळी मुले नळीवर चढतात, पाहुणे चाकाला टेकून फोटो काढतात आणि कोणी विचारलेच, तर घरातील मोठी माणसे सांगतात, "ही बोफोर्स." त्या दोहोंपैकी एकही बोफोर्स नाही. डावीकडची पंचवीस पौंडी आहे आणि उजवीकडची साडेपाच इंची. दोन्ही ब्रिटिश बनावटीच्या आहेत, आणि या जातीच्या तोफा स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यात होत्या.

माझे थोरले चुलते तोफखान्यात होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. उजव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, म्हणून बोलताना आम्ही नेहमी त्यांच्या डावीकडे बसायचो. या बागेतील पंचवीस पौंडीपाशी उभे राहून त्यांनी मला ती भाग भाग करून समजावून सांगितली होती. त्यांच्याकडून ऐकलेले आणि नंतर वाचून पडताळलेले असे मिळून हा लेख लिहिला आहे. तोफ हे यंत्र आहे, आणि कोणतेही यंत्र निरखून पाहिले तर ते कशासाठी व कसे केले आहे, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते.

सुरुवात नावापासून करू. जुन्या ब्रिटिश पद्धतीत मैदानी तोफेचे नाव तिच्या गोळ्याच्या वजनावरून पडे. पंचवीस पौंडी म्हणजे जिचा गोळा २५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११.३ किलोचा असतो ती. तोफेचे स्वतःचे वजन या नावात कोठेच नाही. ते दीड टनाहून अधिक भरते. साडेपाच इंची हे नाव मात्र नळीच्या पोकळीच्या व्यासावरून आले आहे. आजच्या मापात तो सुमारे १४० मिलिमीटर होतो, आणि पंचवीस पौंडीचा ८७.६ मिलिमीटर. हल्लीच्या तोफांची नावे मिलिमीटरमध्येच असतात. कारगिलमध्ये गाजलेली बोफोर्स १५५ मिलिमीटरची, आणि पुण्याच्या संशोधन संस्थेने आखलेली भारतीय मैदानी तोफ १०५ मिलिमीटरची. व्यास थोडा वाढला, तरी गोळ्याचे वजन पुष्कळ वाढते. साडेपाच इंचीचा गोळा ८० किंवा १०० पौंडांचा असे, म्हणजे शंभर पौंडी गोळा उचलणे म्हणजे धान्याचे जवळजवळ अर्धे पोते उचलणे होय, आणि ते एकदा नव्हे, तर रात्रभर.

आता नळीच्या तोंडाशी उभे राहावे. तोंड बुजवलेले नसेल, तर आत पीळ दिलेल्या खाचा दिसतात. अजिंक्यताऱ्यासारख्या किल्ल्यांवर ज्या तोफा धडाडल्या, त्यांची नळी आतून गुळगुळीत असे. तोंडातून दारू आणि गोळा ठासायचा, मागच्या बाजूच्या लहान छिद्राला, ज्याला तोफेचा कान म्हणत, बत्ती द्यायची आणि बाजूला व्हायचे, अशी ती पद्धत होती. असा वाटोळा गोळा नळीच्या भिंतींना ठेचकाळत बाहेर पडतो आणि हवेत कसाही भरकटतो. खाचांच्या नळीत लांबट, टोकदार गोळा वापरता येतो, कारण या खाचा त्याला बाहेर पडताना गिरकी देतात. भोवरा फिरत असेपर्यंत आरीवर ताठ उभा राहतो आणि थांबताच कलंडतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिले आहे. गोळ्याचेही तसेच असते. पंचवीस पौंडीचा गोळा सेकंदाला दोनशेहून अधिक गिरक्या घेत जातो, म्हणून त्याचे टोक वाटेत उलटेपालटे होत नाही.

पोलादाचा गोळा पोलादाच्या खाचांना पकडतो कसा, हा प्रश्न मी आबांना विचारला होता. उत्तर गोळ्याच्या बुडाशी असते. तेथे तांब्याचे एक कडे बसवलेले असते. तांबे मऊ असल्यामुळे गोळा आत ठासताना हे कडे खाचांमध्ये रुतते आणि त्याच्या मागून वायूला निसटायला वाट उरत नाही. ठासणाऱ्याने दांडा पुरेशा जोराने मारला की आतून एक विशिष्ट ठणका ऐकू येई, आणि तो आवाज आला नाही तर गोळा नीट बसलेला नाही असे समजायचे, असे आबा सांगत.

पंचवीस पौंडीत गोळा आणि काडतूस वेगवेगळे भरत. आधी गोळा, मग पितळेचे आखूड काडतूस. बंदुकीच्या गोळीप्रमाणे दोन्ही एकत्र जोडलेले का नसत, हे समजले की तोफेचे अर्धे शास्त्र समजले असे मला वाटते. काडतुसात दारूच्या पिशव्या असत: लाल, पांढरी आणि निळी. फक्त लाल ठेवली की पहिला चार्ज, लाल व पांढरी मिळून दुसरा, तिन्ही मिळून तिसरा. सर्वांत लांबच्या माऱ्यासाठी वेगळेच, 'सुपर' म्हटले जाणारे काडतूस असे. सुपर चार्जवर गोळा नळीतून सेकंदाला ५०० मीटरहून अधिक वेगाने निघतो आणि १३,४०० यार्ड, म्हणजे सुमारे सव्वाबारा किलोमीटर जाऊ शकतो. सांगलीहून डागलेला गोळा मिरज ओलांडून पुढे पडेल, इतके हे अंतर आहे. हवेत तो अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ असतो.

मग प्रत्येक वेळी सर्वांत मोठाच चार्ज का वापरायचा नाही? उसाच्या फडात पाणी मारणारी रेनगन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच उमगेल. दाब पूर्ण ठेवून तोंड खाली केले, तर पाण्याची धार सपाट, लांब जाते आणि जवळचा बांध आडवा आला तर त्यावरच आपटते. दाब कमी करून तोंड वर केले, तर तीच धार कमान घेते, बांध ओलांडते आणि त्याच्या अगदी मागे उतरते. तोफेचेही असेच आहे. शत्रू डोंगरामागे असेल, तर थोडी दारू आणि मोठा कोन. उघड्या मैदानात लांब असेल, तर जास्त दारू आणि त्याप्रमाणे कोन. सपाट मारा करणारी ती तोफ आणि उंच कमान घेऊन गोळा मागे उतरवणारी ती हॉवित्झर, असा भेद पूर्वी होता. पंचवीस पौंडीने ही दोन्ही कामे एका नळीत आणली, आणि त्यामागचे कारण त्या तीन रंगांच्या पिशव्यांमध्ये आहे.

अर्थात डोंगर किती आडवा यावा, यालाही मर्यादा आहे. पंचवीस पौंडीची नळी ४० अंशांपर्यंतच वर होते. मधला कडा फार उंच असेल, तर त्याला टाळून गोळा पलीकडे उतरवणे अशक्य होते. लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखालील १३ कुमाऊँ या पायदळ पलटणीची चार्ली कंपनी लढली, तेव्हा नेमके हेच झाले. मधल्या उंच भूभागामुळे त्या ठाण्याला आपल्या तोफांचा आधार मिळू शकला नाही. सुमारे १२० जवानांपैकी बहुतेक सगळे तेथेच पडले. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. कोन, कमान, कडा हे शब्द शाळेतील भूमितीसारखे वाटतात, परंतु पायदळाच्या जवानाच्या डोक्यावर छत्र असणे आणि नसणे यांतील अंतर तेवढेच असते.

नळीनंतर लोकांचे लक्ष सहसा जात नाही असा एक भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्या तोफेत तोच सर्वांत बुद्धिमान आहे. पंचवीस पौंडीच्या नळीखाली एक जाड, लांबट पेटी दिसते. जुन्या काळी तोफ उडाली की सगळा गाडा मागे धावे. गोळंदाजांनी तो पुन्हा ढकलून जागेवर आणायचा, पुन्हा नेम धरायचा आणि मगच पुढचा गोळा. शिवाय धक्क्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाचे पाय जाण्याची भीती वेगळीच. १८९७ मध्ये फ्रान्सने ७५ मिलिमीटरची एक मैदानी तोफ सैन्यात आणली, जिच्यात धक्का सोसण्याची यंत्रणा समाधानकारक रीतीने बसली होती. कल्पना अशी की, गाडा जागेवर राहावा आणि फक्त नळी मागे सरकावी. नळी मागे येताना तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते, त्यामुळे धक्क्याचा जोर मुरतो. त्याच वेळी बंद जागेतील हवा दाबली जाते, आणि धक्का ओसरला की तीच दाबलेली हवा नळीला परत पुढे ढकलते. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये तेल आणि स्प्रिंग जे काम करतात, त्याच जातीचे हे काम आहे, मात्र कित्येक पट मोठ्या जोराचे. नेम ढळत नसल्यामुळे ती फ्रेंच तोफ मिनिटाला पंधरा गोळ्यांपर्यंत मारा करू शके. पहिले महायुद्ध इतके संहारक होण्यामागे ही तेलाची आणि हवेची पेटीही होती. त्या युद्धात पश्चिम आघाडीवर जे सैनिक मेले वा जखमी झाले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना तोफांनी टिपले होते.

ते युद्ध आपल्यापासून दूर नाही. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि ब्रिटिशांनी तेथे त्यांचे स्मारक उभारले. गावाला आज सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतात. जिल्ह्यातील इतरही गावांत या गावातून किती जण महायुद्धावर गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या भिंतीत बसवलेल्या आढळतात. त्यांवर बहुधा नावे नसतात, आकडे असतात. आमच्या बागेतील पाट्यांवर नावे आहेत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

उजवीकडच्या साडेपाच इंचीला मुले 'शिंगवाली' म्हणतात, कारण तिच्या दोन्ही बाजूंना दोन उभे खांब शिंगांसारखे वर गेलेले आहेत. ती शोभा नाही. एवढ्या मोठ्या तोफेची नळी वर करून उडवली, तर मागे येणारे तिचे बूड जमिनीवर आपटेल. ते टाळण्यासाठी नळी मधोमध न तोलता बरीच मागच्या बाजूला तोलून धरली जाते, आणि मग तिचे तोंड जड होऊन खाली झुकते. रेल्वे फाटकाचा लांब दांडा उचलता यावा म्हणून दुसऱ्या टोकाला वजन बांधतात, तसेच काम या शिंगांतील दणकट स्प्रिंगा करतात. त्यांच्यामुळेच कित्येक मणांची नळी एक माणूस हाताने चाक फिरवून वर-खाली करू शकतो. सहा टनांच्या आसपास वजनाची ही तोफ आपला शंभर पौंडी गोळा सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत टाकत असे.

पंचवीस पौंडीचे दुसरे वैशिष्ट्य जमिनीलगत आहे. तिच्याबरोबर गाडीच्या चाकासारखी एक मोठी गोल चकती असते. प्रवासात ती पोटाखाली टांगलेली असे. मोर्चावर पोहोचले की ती जमिनीवर टाकायची आणि तोफ ओढून तिच्यावर चढवायची. त्यानंतर शेपटीकडून, म्हणजे गाड्याच्या मागच्या लांब भागाकडून, एकट्या माणसाने ढकलली तरी तोफ चारी दिशांना वळते. रणगाडा एकाएकी बाजूने चालून आला, तर या चकतीचे महत्त्व कळत असे. आमच्या बागेत मात्र सुशोभीकरण करताना ही चकती सिमेंटमध्ये निम्मी गाडली गेली आहे. चौथरा बांधणाऱ्यांना ती केवळ बैठक वाटली असावी. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु तोफेचा एक अर्थ त्या सिमेंटखाली गेला.

आता डाव्या बाजूला, ढालीमागे असलेल्या लहानशा आसनाकडे यावे. हे नेम धरणाऱ्याचे, म्हणजे लेअरचे आसन. आबांचे काम हेच होते. सहा जणांच्या तुकडीत हवालदार हुकूम देणार, एक जण ब्रीच, म्हणजे नळीचे मागचे दार, उघडणार व गोळा ठासणार, एक जण गोळा आत घालणार, दोघे दारूगोळा तयार करून देणार आणि लेअर नेम धरणार. बहुतेकांची समजूत असते की, लेअर ढालीतील फटीतून शत्रूकडे पाहत असतो. रणगाड्यावर थेट मारा करताना ते खरे आहे. एरवी शत्रू कित्येक किलोमीटर दूर, टेकडीपलीकडे असतो. तो तोफेवरच्या कोणालाच दिसत नाही.

दिसतो तो पुढे, पायदळाबरोबर असलेल्या तोफखान्याच्या निरीक्षण अधिकाऱ्याला. तो नकाशावरची जागा वायरलेसवर कळवतो. मागे गणित होते: अंतर किती, उंचीचा फरक किती, वारा कोठून, हवा थंड की गरम, दारूचे तापमान किती, नळी किती झिजली आहे. हवा विरळ असेल, तर गोळा लांब जातो. कारगिलच्या उंचीवर बोफोर्सचा पल्ला मैदानातील पल्ल्यापेक्षा वाढला तो यामुळेच. गणितातून दोन आकडे निघतात, एक दिशेचा आणि एक कोनाचा. दिशा लावण्यासाठी लेअर आपल्या डायल साइटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून, शत्रूच्या दिशेला पाहतच नाही. तो मागे किंवा बाजूला रोवलेल्या एका काठीकडे, दूरच्या एखाद्या देवळाच्या कळसाकडे किंवा झाडाकडे पाहतो. ती खूण आणि नळी यांच्यामधला कोन ठरलेला असला की नळी आपोआप योग्य दिशेला येते. पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर निरीक्षक पल्ला कमी करायला सांगतो. दुसरा अलीकडे पडला, तर अंतर निम्मे करत करत तो लक्ष्यावर आणतो. त्यानंतर बॅटरीच्या, म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या तोफांच्या गटाच्या, सहाही तोफा एकदम बोलतात.

आबा दोन युद्धांत, १९६५ आणि १९७१ मध्ये, पंचवीस पौंडीच्या या आसनावर बसले. "आम्ही ज्याच्यावर गोळा टाकला तो माणूस मी कधी बघितला नाही," असे ते सांगत. "मी बघायचो ती काठी." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान नसे आणि पश्चात्तापही नसे. वायरलेसवर पुढच्या ठाण्यावरून 'गोळे बरोबर पडताहेत' एवढे ऐकू आले की त्यांना बरे वाटे, कारण त्या ठाण्यावर आपली पोरे होती.

भारतीय तोफखाना आपली परंपरा २८ सप्टेंबर १८२७ या दिवसापासून मोजतो. मुंबई इलाख्याच्या सैन्यात त्या दिवशी उभारलेली गोलंदाजांची तुकडी पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली, आणि २८ सप्टेंबर हा आजही गनर्स डे म्हणून पाळला जातो. तोफखान्याचे प्रशिक्षण आपल्याच राज्यात, नाशिकजवळ देवळाली येथे चालते. म्हणून आपल्या गावच्या बागेत तोफ असणे उसने आणल्यासारखे नाही.

शेवटी देखभालीचे सांगायला हवे, कारण आमच्या दोन्ही तोफांची स्थिती पाहून मन खंतावते. बागेत येणारी तोफ आधी निकामी केलेली असते: ब्रीच वेल्डिंग करून कायमची बंद केलेली, नळी बुजवलेली, घोड्याची टाचणी काढलेली. त्यामुळे तिच्यापासून स्फोटाचा धोका नसतो. धोका उलट बाजूने असतो, तो तोफेला. दरवर्षी राष्ट्रीय सणाआधी तिच्यावर रंगाचा आणखी एक थर चढतो. चाकांच्या तबकड्यांना चंदेरी, नळीला हिरवा. ब्रीचच्या कड्यावर तोफेचा प्रकार, अनुक्रमांक आणि बनावटीचे वर्ष कोरलेले असते, आणि तीच तिची जन्मपत्रिका होय. आमच्या तोफेवर मी बोट फिरवून फिरवून ती अक्षरे शोधली. थरांखाली फक्त एक ४ आणि त्यानंतरचा अर्धा आकडा हाताला लागला. खरवडून नव्हे, तर जाणकाराच्या देखरेखीखाली रंग उतरवणारे द्रव्य लावून ती जागा उघडी करावी आणि पुन्हा कधीही रंगवू नये.

साताऱ्याचा पाऊस लोखंडाला फार वाईट. नळीच्या तोंडाला घट्ट झाकण हवे, नाहीतर आत पाणी आणि पाण्याच्या बाटल्या दोन्ही साचतात. शेपटीच्या पोकळ भागात पाणी तुंबत असेल, तर तळाला ते वाहून जायला वाट हवी. सगळ्या वजनाखाली रबरी टायर उन्हाने तडकतात, म्हणून आसाखाली लोखंडी टेकू देऊन चाके जमिनीपासून बोटभर उचलावीत. हे काम गावातील कोणताही चांगला फॅब्रिकेटर एका दिवसात करू शकतो. पितळी पट्ट्यांना व मापांच्या खुणांना रंग न लावता हलके तेल पुसावे. शेतात किंवा नदीपात्रात कधी जुना गोळा सापडला, तर तो शोभेसाठी येथे आणून ठेवण्याचा विचारही करू नये. त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे.

आणि एक फलक हवा. सध्या तेथे फक्त उद्घाटनाची कोनशिला आहे. मी कच्चा मजकूर लिहून ठेवला आहे: तोफेचे नाव, गोळ्याचे वजन, पल्ला, किती जणांची तुकडी, काठीकडे पाहून नेम कसा धरत, आणि सिमेंटमध्ये गेलेली ती गोल चकती काय करत असे. त्याखाली एक ओळ मुलांसाठी आहे: नळीवर चढू नका, डावीकडच्या आसनावर बसून पाहा.